टाचेनं जमीन बघणारी बाई

ये गं बयो, अशी जवळ ये. म्हणजे फोन जवळ धर आणि चष्मा लाव, कारण हे मी लिहून पाठवतेय. तोंडानंच सांगणार होते, पण तू माझ्याशी बोलतेस ती गाडी चालवताना. "मावशी, सिग्नल सुटला, नंतर करते." ग्लेन वेव्हर्लीतले सगळे सिग्नल माझाच फोन आला की सुटतात का गं? परवा कुरडयांचा फोटो पाठवला तर एक अंगठा धाडलास आणि खाली विचारलंस, कुरडया निळ्या चादरीवर कशाला घातल्यात, घरात पांढरी नाही का? आहेत, चार आहेत. विचारलंस ना, मग आता शेवटपर्यंत वाच. मधेच सोडून भाजी टाकायला उठू नकोस.

ब्लॅकटाउनला यायच्या आधी, या देशात नवीन असताना, आम्ही टूनगॅबीत राहायचो, हे तुला माहीत आहे. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. पुढे मोठं घर मालकीणबाईंचं, मागे दोन खोल्यांचं आमचं, आणि मधे सामाईक गवताचं अंगण. बाई नव्वदीला टेकलेल्या, उंच, काटकुळ्या, पाठ मात्र शेवग्याच्या शेंगेसारखी सरळ. लग्न केलेलं नाही, मागे-पुढे कुणी नाही. पायात बाराही महिने पुरुषी बूट. त्यातल्या उजव्याचीच टाच झिजलेली असायची, डाव्याची नव्यासारखी. मला वाटायचं, लंगडत असतील पूर्वी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "घरून पत्रं येतात?" तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे येस-नो-थँक्यू. ह्यांनी सांगितलं, हो, साताऱ्याहून हिच्या आईची येतात.

"कशानं?"

"विमानानं, अजून कशानं!"

"मग आईला सांग, प्रत्येक पत्र दोनदा लिही म्हणावं. एक हवेतून, एक खालून." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हवेचा भरवसा धरू नकोस, लव्ह."

(त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणायच्या. पोस्टमनला, मांजराला, ह्यांनासुद्धा. हे आधी लाजायचे, मग सवय झाली.)

पत्रांच्या बाबतीत बाईंचं सगळंच वेगळं. पोस्टमनच्या हातून पाकीट घेणार नाहीत, तो पेटीत टाकून कोपऱ्यापर्यंत गेला की मग काढणार. पाकिटाच्या कडांना हात लावायचा नाही, मधोमध दोन बोटांत धरायचं. आणि उघडण्याआधी, लहान लेकराचा ताप बघतो ना आपण, तसा हाताचा पालथा पंजा त्यावर ठेवायच्या. मग ते पाकीट खिडकीत उभं करून ठेवायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत. एकदा माझ्या आईचं पत्र त्यांच्या पेटीत गेलं, ते चोवीस तास त्यांच्या खिडकीत उभं. मी मागायला गेले तर म्हणतात, "निवू दे की." मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, बाईंचं डोकं फिरलेलं आहे, दुसरं घर बघा. हे म्हणाले, "अगं, डोकं फिरलेली माणसं बरी, भिंतीला खिळे ठोकू देतात."

बाईंनी कधी कुणाला हात हलवून टाटा केलेला मी पाहिला नाही. आम्ही साताऱ्याला जायला निघालो तेव्हा दारात उभ्या होत्या, दोन्ही हात मागे घट्ट बांधून. नुसती मान हलवली.

आणि दर गुरुवारी जेवण झाल्यावर त्या अंगणात यायच्या. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत सरळ चालायच्या, आणि प्रत्येक पावलाला उजवी टाच जमिनीत दाबायच्या. दाबायची, थांबायचं, वाकून खळगा बघायचा, पुढचं पाऊल. असं पूर्ण अंगण. शेवटी आभाळाकडे तोंड करून, शेजारणीला सांगावं तसं म्हणायच्या, "आज नको." आणि आत जायच्या. ऊन असो, पाऊस असो, "आज नको."

मी एकदा विचारलं, "काय बघता?"

"जमीन."

"दिसतेय की, कोरडी आहे."

"डोळ्याला काय कळतं? टाचेला विचार."

मला नवल नाही वाटलं, खरं सांगू का. आमचे अण्णा पाऊस उघडला की असंच करायचे. काळं रान वरून भेगाळतं, पांढुरकं दिसतं, पण टाच दाबली की आत लोणी. वापसा आला नसेल, म्हणजे रान आतून सुकलं नसेल, तर बैल घालायचे नाहीत. मी म्हटलं, बाईंचे वडीलही शेतकरीच असतील. ते खरंच निघालं. पण बाई वापसा बघत होत्या तो बैलांसाठी नव्हता.

दुसरी गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, ह्यांनासुद्धा उशिरा सांगितली. आमच्या अंगणात कपडे वाळत घालायची ती इथली फिरती दांडी होती, उलट्या छत्रीसारखी. गुरुवारी चारच्या सुमाराला ती फिरायची. वारा असला की दांडी फिरतेच, ते नाही म्हणत मी. झाडाचं पान हलत नसायचं, मॅगपाय पक्षी एकदम गप्प व्हायचे, आणि ओल्या कपड्यांसकट ती दांडी सावकाश एक फेरी घ्यायची, मग दुसरी, आणि थांबायची. आणि वास यायचा एरंडेलाचा. मला तो वास ओळखायला दुसरं कुणी नको, दर रविवारी अण्णा नाक दाबून चमचा घालायचे तोंडात. मी आमचं स्वयंपाकघर धुंडाळलं, बाटली कुठे सांडली म्हणून. आमच्या घरात एरंडेल नव्हतंच.

ह्यांना सांगितलं तर ग्रीसचा डबा घेऊन गेले. हे तेव्हा कारखान्यात मशीनवर होते, जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचा उपाय ग्रीस. "बेअरिंग सैल झालंय." ग्रीस घातलं. पुढच्या गुरुवारी दांडी आवाज न करता फिरली, एवढाच फरक.

आता चादरीचं ऐक.

तो जानेवारी होता, म्हणजे इथला भर उन्हाळा, चाळीसच्या वर गेलेलं ऊन. मी म्हटलं, एवढं ऊन फुकट जातंय, कुरडया घालूया. गहू तीन दिवस भिजवले, चीक काढला, पहाटे शिजवला, सोऱ्यानं हात मोडेस्तोवर घातल्या. अंगणाच्या मधोमध पांढरी डबल चादर अंथरली आणि उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. हे शिफ्टला निघताना म्हणाले, "केवढी चादर गं! वरून विमानवाल्याला वाटेल, आपल्यालाच बोलावतेय." मी म्हटलं, "बोलावते की, चार कुरडया देईन तळून."

वार कोणता, माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

दुपारी चारला बाईंच्या दाराचा आवाज आला. मी खिडकीतून बघते तर नव्वदीची बाई धावत येतेय. कुरडयांवरनंच धावल्या गं, बुटांनी, करकर करकर. विटा लाथेनं उडवल्या, चादर ओढली, गोळा करून पोटाशी धरली आणि तिच्यावर पालथ्या पडल्या. आणि आभाळाकडे तोंड वळवून ओरडायला लागल्या, "पुढे जा! इथे नको! ओली आहे, पुढे जा!"

मी दारात आले ती भांडायलाच. तीन दिवसांची मेहनत माझी. पण पायरीवरच थबकले. दांडी फिरत होती. एरंडेलाचा वास असा आला की मी नाकच दाबलं. आणि बाईंच्या अंगावरनं, वाळलेल्या गवतावरनं, एक गार सावली सरकत गेली. आभाळात ढग नव्हता, पक्षीही नव्हता. त्या सावलीबरोबर बाईंनी मान या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत फिरवली. मग दांडी थांबली. बाई उठेनात. मी हाताला धरून उठवलं तर हात बर्फ. चाळीस डिग्रीत.

तेव्हापासून जमिनीवर पांढरी चादर मी अंथरत नाही. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पण तेवढ्यानं तुझं भागणार नाही, माहितीये मला.

त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन मी चहा केला. बराच वेळ त्या नुसत्या कुरडयांचा चुरा बुटावरनं झटकत होत्या. मग बोलल्या. त्यांचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगते.

त्यांचं मूळ घर म्हणजे खूप आत, मेंढ्यांचं रान, शेजारी बघायला दिवस मोडायचा. तेव्हा टपालाची विमानं नवीनच निघाली होती. लाकूड आणि कापड, वरून उघडी. वैमानिक एकटा आणि सोबत पत्रांच्या पिशव्या. रेडिओ नाही. खाली नदी बघायची, कुंपणाच्या तारा बघायच्या आणि जायचं. एकाचा म्हणे नकाशाच वाऱ्यानं उडाला, तो रेल्वेचे रूळ धरून निघाला, तर डोंगरात रूळ बोगद्यात शिरले. एक धुळीच्या वादळात गेला, महिन्यानं सापडला, पिशव्यांच्या गाठीसुद्धा सुटल्या नव्हत्या. बाई ही माणसं अशी सांगत होत्या जशी आपण गावातली घरं सांगतो.

त्यांच्याकडे विमान गुरुवारी यायचं. वैमानिक हसरा होता, पत्रांबरोबर दोऱ्याची रिळं, सुया, काय सांगाल ते आणायचा. त्याच्या इंजिनात एरंडेल घालायचे, त्यामुळे अंगाला, कोटाला, पत्रांनासुद्धा तो वास. (इथे मी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुलाही येतो," म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.) आणि ठरलेलं असं होतं: जमीन कडक असेल तर मधोमध पांढरी चादर अंथरायची, कोपऱ्यांवर दगड. चादर दिसली की तो उतरणार. नाही दिसली तर पिशवी घेऊन पुढे. जमीन बघायचं काम बाईंच्या आईचं, टाचेनं.

बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. शहरातल्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायला अर्ज केला होता, वडिलांना न सांगता. त्या रानातून सुटायची ती एकच वाट. उत्तराची वाट बघत होत्या आणि दोन आठवडे पाऊस. दोन गुरुवार विमान डोक्यावरून गेलं. तिसऱ्या गुरुवारी ऊन पडलं. आई तापानं पडलेली, म्हणून जमीन बघायला बाई गेल्या.

"टाच आत गेली," बाई म्हणाल्या. "घोट्यापर्यंत नाही. पण गेली. आणि मी चादर अंथरली."

चाकं रुतली, विमान नाकावर उलटलं आणि पेटलं. माणूस गेला. पिशवी अर्धी जळाली. महिन्यानं पोस्टानं त्यातलं एक पाकीट आणून दिलं, कडा जळलेलं, वर शिक्का: विमान अपघातात खराब. ते इस्पितळाचंच होतं. बाईंनी ते उघडलं नाही. नर्सही झाल्या नाहीत, अर्ज मागे घेतला. चौकशी झाली, साहेब आले, बाईंना कुणी काही विचारलं नाही. आई म्हणाली, चादर टाकली म्हणजे कडकच असणार जमीन. कागदावर लिहिलं गेलं, वैमानिकाचा अंदाज चुकला.

"त्याला मुलगी आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा पाच वर्षांची होती. आता डोंगरापलीकडे राहते, अडीच तासांवर. दर वर्षी फोनची नवी डिरेक्टरी आली की मी तिचं नाव आहे ना तेवढं बघते."

"आणि तिला काय माहीत आहे?"

"तिच्या बापाला चिखल कळत नव्हता, एवढंच."

मी तेव्हा फार शिकलेली नव्हते, आजही नाही. पण मला एवढं कळत होतं की दर गुरुवारी वरून फेरी मारणारा माझ्या कुरडयांसाठी येत नव्हता. मी म्हटलं, "बाई, आपण जाऊया." त्या म्हणाल्या, "मी मेल्यावर चिठ्ठी पोचेल अशी सोय केलीय. दोन प्रती." मी म्हटलं, "मेल्यावर नाही. रविवारी ह्यांना सुट्टी आहे."

गेलो. ह्यांनी गाडी काढली, बाई पुढे बसल्या, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डोंगर चढताना बाईंनी दोनदा सांगितलं, परत फिरव. हे म्हणाले, "इथे यू-टर्न नाही मॅडम, नो वरीज." होता गं यू-टर्न. मी पाहिला.

मुलगी म्हणजे पंच्याहत्तरीची म्हातारीच, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. दार उघडून म्हणाली, "कोण तुम्ही?"

"तुझ्या वडिलांसाठी चादर अंथरायचे ती मी," बाई म्हणाल्या.

तिनं बाईंच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "आत या. बूट पुसून."

टेबलाशी बसून बाईंनी सांगितलं. चादर मी टाकली, जमीन ओली होती, मला ठाऊक होतं. मुलगी खडूनं फळ्यावर रेघ मारावी तसं बोट टेबलावर फिरवत होती.

"त्यानं आधी पाहिलं नाही? सरळ उतरला?"

बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"मी विचारतेय. चादर काय, कुणीही टाकेल. वरून बघणारा माणूस आंधळा होता का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्याला संशय आला होता. त्यानं एक फेरी मारली. दुसरी खूप खालून मारली. हात बाहेर काढला, जमिनीकडे दाखवला आणि पंजा असा उलटा केला. विचारत होता, उतरू ना? मला त्याचा चेहरा दिसत होता." बाईंनी टेबलावरचे हात उचलले आणि खाली ठेवले. "मी दोन्ही हात हलवून त्याला बोलावलं."

हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला तो त्या एरंडेलानंसुद्धा कधी आला नव्हता.

मुलीनं उठून कपाटातून एक कागद काढला. चौकशीचा. पिवळा, घडीवर फाटलेला. "आईनं त्याचे सगळे फोटो जाळले," ती म्हणाली. "म्हणायची, एका चिखलासाठी आपल्याला उघड्यावर टाकून गेला. मी तिच्याशी भांडायचे, आणि माझ्याकडे भांडायला शब्द नसायचे. त्यानं विचारलं होतं. त्यानं विचारलं होतं म्हणजे." मग ताठ झाली. "लिहून द्या. सही करून. ही चौकशी ज्या दप्तरात आहे तिथे पाठवणार आहे मी."

बाईंनी तिथेच लिहिलं. दोन प्रती. हात हलवून बोलावल्याचंसुद्धा लिहिलं, गाळलं नाही. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "माफ कर असं मी म्हणणार नाही."

"मी करणारही नाही," मुलगी म्हणाली. "चहा घेणार का?"

मग बाईंनी डबा उघडला आणि ते जळकं पाकीट मधोमध धरून तिच्यापुढे ठेवलं. "हे त्याच्या पिशवीतलं. मी उघडलेलं नाही. हे निवलंच नाही कधी."

मुलीनं त्यावर हाताचा पालथा पंजा ठेवला. तिला कुणी शिकवलं नव्हतं गं, आपोआप ठेवला. बराच वेळ ठेवला. "थंड आहे," ती म्हणाली. "उघडा. त्यानं आणलंय ते."

बाईंनी फाडलं. आत एकच ओळ छापलेली, खाली शिक्का. त्यांनी मोठ्यानं वाचली: "आपला अर्ज पोचला. यथावकाश कळवू."

"एवढंच?" मुलीनं विचारलं.

"एवढंच."

मुलगी हसली. असं हसू मी पुन्हा ऐकलं नाही, ऐकू नये. हसता हसता ती टेबलावर कपाळ टेकून रडायला लागली, आणि बाई तिच्या शेजारी, हात मांडीवर, तिला शिवायची हिंमत नाही. मी परक्या बाईच्या स्वयंपाकघरात शिरून किटली ठेवली. साखर सापडेना.

पुढच्या गुरुवारी बाई अंगणात आल्याच नाहीत. चारला मी एकटी पायरीवर बसले होते. पक्षी गप्प झाले. दांडी फिरली. एक फेरी. मी दुसरीची वाट बघत राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं. झालीच नाही. वासही लांबून आला आणि गेला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ग्रीस शेवटी मुरलं. मी वाद घातला नाही.

बाई त्याच हिवाळ्यात गेल्या. त्यांना पोचवायला माणसं होती ती आम्ही दोघं आणि पोस्टमन. पण प्रार्थना सुरू व्हायच्या आधी ती मुलगी आली, ओला कोट, टॅक्सीनं, डोंगर उतरून. फोन मीच केला होता, पण मला वाटलं मागे बसेल. ती पुढच्या बाकावर, घरच्या माणसांच्या जागी जाऊन बसली. मला म्हणाली, "दप्तरातून उत्तर आलं. कागद दुरुस्त करणार आहेत. बाईंना सांगायला निघाले होते, एक आठवडा उशीर झाला." आणि ते उत्तराचं पत्र तिनं शवपेटीत, बाईंच्या हाताखाली ठेवलं. मी झाकण लावताना बघितलं.

हे गेल्यापासून या गोष्टी सांगायला मला माणूस उरलेलं नाही. शेजारच्या पंजाबी काकूंना सांगितली तर त्यांनी घरभर धूप फिरवला. तू हसशील तरी, मधेच टोकशील, "मावशी, खरं सांग" म्हणशील. मला तेच हवंय. पोरांना घेऊन ये, त्यांना मराठीत उत्तरं द्यायला लावणार नाही, वचन देते. ईस्टर-बिस्टर बघत बसू नकोस, ह्याच महिन्यात ये. मागची खोली झाडून ठेवलीय, आणि दार ढकललं की उघडतं.